टेलपर्यंत पोचले का?
दाताच्या मुळाच्या धुलाईचा इतिहास

इंग्रजीत कालव्याला कॅनाल म्हणतात आणि दाताच्या मुळातल्या नळीलाही कॅनालच म्हणतात. शेताला पाणी देणे म्हणजे इरिगेशन आणि ही नळी औषधाने धुणे म्हणजेही इरिगेशनच. शब्दांचा हा योगायोग थोडा पुढे नेला तर उपयोगी पडतो. कंधार तालुक्यात बारूळला मानार नदीवर धरण आहे. अशा कोणत्याही धरणाच्या कालव्यावर जाऊन विचारले तर ‘टेल’च्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो : धरण भरले हे ठीक, पण पाणी माझ्या शेतापर्यंत येणार का? दाताच्या मुळाची नळी धुणाऱ्यांपुढे गेली शंभर वर्षे नेमका हाच प्रश्न आहे. द्रव चांगला आहे, पण तो टेलपर्यंत पोचतो का? आणि पोचला हे कळणार कसे?

आम्ही रसायनशास्त्राचे अभ्यासक, दंतवैद्य नव्हे. पण या प्रश्नाच्या इतिहासात रसायन, जीवशास्त्र आणि द्रवांचे भौतिकशास्त्र असे तिन्ही विषय एकत्र येतात. शिवाय दोन पद्धतींची तुलना कशी करावी याचा एक चांगला धडाही त्यात आहे. म्हणून हा लेख.

दाताच्या आत

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. वर कठीण इनॅमल, त्याखाली डेंटिन आणि त्याच्या आत दंतमज्जा. दंतमज्जेत रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. लोक तिलाच ‘दाताची नस’ म्हणतात. ही मज्जा मुळातल्या अरुंद नळीतून जबड्याशी जोडलेली असते. कीड खोलवर गेली की जंतू मज्जेत शिरतात, मज्जा सुजते आणि मरते. मग नळीत जंतूंचे राज्य सुरू होते. रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे जाऊ शकत नाहीत आणि पोटात घेतलेले औषधही पुरेसे पोचत नाही. मुळाच्या टोकाशी पू होतो, ठणका लागतो.

अशा वेळी दात काढून टाकणे हा जुना आणि हमखास उपाय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतनाडीवर, म्हणजे दातामुळे झालेल्या वाहत्या व्रणावर, तो दात उपटावा असेच सांगितले आहे; अपवाद फक्त वरच्या दाताचा. दुसरा उपाय म्हणजे दात जागेवर ठेवून आतली नळी स्वच्छ करायची आणि बंद करायची. यालाच आपण ‘रूट कॅनाल’ म्हणतो. त्यात बारीक कानशींनी नळी घासली जाते, द्रवाने धुतली जाते आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरली जाते. यांपैकी धुण्याच्या पायरीचा इतिहास आपण पाहू या.

कापड, आतडी आणि हात

क्लोरीन वायू शील या स्वीडिश रसायनज्ञाने १७७४ साली प्रथम मिळवला. फ्रान्समध्ये बर्थोले यांनी त्याचा उपयोग कापड पांढरे करण्यासाठी दाखवला, आणि पॅरिसजवळच्या जावेल या गावात त्यापासून विरंजक द्रव तयार होऊ लागला. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पेटंट घेतले. आपल्या ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर ही तिचीच वंशज.

कापडाचे हे रसायन वैद्यकात आले ते दुर्गंधीमुळे. १८२०च्या दशकात पॅरिसचे औषधनिर्माते लाबाराक यांनी जनावरांच्या आतड्यांवर काम करणाऱ्या कारखान्यांची घाण कमी करण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रव वापरले. पुढे १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या घरात होते, ते काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा मांडला जायचा होता. द्रव काम करतो हे आधी कळले, का करतो ते नंतर.

युद्धातली जखम

पहिल्या महायुद्धात खोल, मातीने भरलेल्या जखमा चिघळून हजारो सैनिक दगावत होते. फ्रान्समध्ये काँपिएन्य येथील लष्करी इस्पितळात शल्यविशारद अलेक्सिस कारेल आणि इंग्रज रसायनज्ञ हेन्री डेकिन यांनी या प्रश्नावर काम केले. डेकिन यांनी दोनशेच्या वर पदार्थ तपासले आणि १९१५ साली सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य केलेले द्रावण सुचवले. ते जंतू मारते आणि मेलेली ऊती विरघळवते. पण या प्रमाणात जिवंत ऊतीला फारशी इजा करत नाही.

मात्र या रसायनाची एक अडचण होती. जखमेतल्या पू-रक्ताशी संयोग होऊन ते लगेच खर्ची पडते. म्हणून कारेल यांनी ते पोचवण्याची पद्धत तयार केली. बारीक छिद्रे पाडलेल्या रबरी नळ्या जखमेच्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायच्या आणि वर टांगलेल्या बाटलीतून दर दोन तासांनी ताजा द्रव सोडायचा. आज आपल्या शेतात दिसणाऱ्या ठिबकच्या नळ्यांसारखीच ही रचना. शिवाय जखमेतला स्राव काचपट्टीवर घेऊन जंतू मोजायचे, त्यांचा आलेख काढायचा आणि संख्या पुरेशी उतरल्यावरच जखम शिवायची. द्रव, तो पोचवण्याची रीत आणि मोजमाप, या तिन्ही गोष्टी इथे प्रथमच एकत्र आल्या.

त्याच सुमारास बूलोन्य येथे आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलीनचा शोध अजून दहाएक वर्षे दूर होता. जंतुनाशके परीक्षानळीत उत्तम चालतात, मग जखमेत का फसतात, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी साधी काचेची परीक्षानळी तापवली आणि तिच्या भिंतीतून पोकळ काटे ओढून काढले. ही झाली कृत्रिम जखम. तीत जंतूंनी भरलेला द्रव ओतला, तो काढून जंतुनाशक भरले, मग तेही काढून ताजा निर्जंतुक द्रव भरला. थोड्या वेळाने तो द्रवही जंतूंनी भरून गेला. जंतुनाशक मुख्य नळीत पोचले होते, काट्यांच्या टोकांत नव्हते. काही पैशांच्या काचेत केलेला हा प्रयोग शाळेत सांगावा असा आहे. साध्या परीक्षानळीतले यश आणि काटेरी परीक्षानळीतले यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुळांचे साचे

दाताचे मूळ फ्लेमिंगच्या नळीसारखेच काटेरी असते, हे जवळपास त्याच वर्षांत उघड झाले. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या नळ्यांत रबर भरले, ते कडक केले आणि दात आम्लात विरघळवले. हाती राहिला तो नळीचा साचा. हजारो दातांवर केलेले हे काम १९१७ साली प्रसिद्ध झाले आणि १९२५ साली इंग्रजीत आले. पाठ्यपुस्तकात एक सरळ नळी काढलेली असते. साच्यांत मात्र फाटे, पूल, जाळी आणि टोकाशी झाडाच्या मुळांसारखे फुटवे दिसले. कानस या सगळ्यात शिरू शकत नाही. शिरला तर द्रवच.

पण त्या काळी हवा वेगळी होती. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने मॉन्ट्रियलच्या भाषणात दंतचिकित्सेवर कोरडे ओढले होते. तोंडातला दूषित केंद्रबिंदू साऱ्या शरीरात रोग पसरवतो, हा विचार त्यानंतर इतका फोफावला की संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात काढले जाऊ लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत असे असंख्य दात गेले. मूळ स्वच्छ करता येते हे सिद्ध करणे हाच त्यांना वाचवण्याचा मार्ग होता.

डेकिन यांचा द्रव १९१९च्या सुमारास शिकागोचे कूलिज यांनी दाताच्या नळीत वापरला. १९३६ साली वॉकर यांनी अधिक तीव्र द्रावण सुचवले. १९४१ साली फिलाडेल्फियाचे ग्रॉसमन आणि मायमन यांनी दंतमज्जेचे तुकडे वेगवेगळ्या रसायनांत टाकून पाहिले. त्यात क्लोरीनयुक्त सोड्याचे द्रावण सर्वांत प्रभावी ठरले. १९५७ साली नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी ईडीटीए हे दुसरे रसायन आणले. ते कॅल्शियमला धरून ठेवते. कानशीने घासताना भिंतीवर भुकटीचा चिकट थर बसतो. मॅकोंब आणि स्मिथ यांनी तो १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दाखवला. त्यातला खनिज भाग ईडीटीएने निघतो, सेंद्रिय भाग हायपोक्लोराइटने. म्हणून आजही ही जोडी वापरली जाते.

जंतूच मूळ कारण

नळी धुणे इतके आवश्यक का, याचे निर्णायक उत्तर १९६५ साली मिळाले. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेरल्ड या अमेरिकी संशोधकांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दातांना मज्जेपर्यंत भोक पाडले. नेहमीच्या उंदरांत मज्जा सडून मेली. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत, अन्नाचे कण आत जाऊनही, मज्जा जिवंत राहिली आणि भोकावर नवे डेंटिन धरले. फरक फक्त जंतूंचा होता.

मग स्वीडनच्या उमिओ येथे बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी प्रत्यक्ष रुग्णांत मोजमाप केले. १९८१ साली त्यांनी पंधरा दात कानशीने घासून फक्त मिठाच्या पाण्याने धुतले. जंतू शंभर ते हजार पटींनी घटले, पण बऱ्याच दातांत ते टिकून राहिले. १९८३ साली दुसऱ्या पंधरा दातांत ०.५ टक्के हायपोक्लोराइट वापरले. पाचव्या भेटीपर्यंत १२ दातांत जंतू सापडेनासे झाले. मिठाच्या पाण्यात हीच संख्या ८ होती. १९८५ साली त्यांनी ५ टक्के आणि ०.५ टक्के यांची तुलना केली. जंतू मारण्यात ठळक फरक दिसला नाही.

पहिल्या दोन निष्कर्षांतून कळते की नुसते धुणेही पुष्कळ काम करते आणि योग्य रसायन त्यात भर घालते. तिसऱ्यातून कळते की तीव्रता दहापट केल्याने परिणाम दहापट होत नाही. हायपोक्लोराइट खर्ची पडते, म्हणून जास्त तीव्र द्रव एकदा टाकण्यापेक्षा ताजा द्रव पुन्हा पुन्हा टाकणे महत्त्वाचे. गावात पाण्याची ओटी चाचणी टाकीपाशी करून भागत नाही, तिचे कारणही हेच. वाटेतला गाळ आणि जंतू क्लोरीन खातात. म्हणून शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, ते पाहायचे असते.

सुई कुठवर पोचते?

आता टेलकडे येऊ. दाताची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. टोकाशी नळीची रुंदी मिलिमीटरच्या पाव-तृतीयांशाएवढी. आत थेंबभरही द्रव मावत नाही, आणि खालचे तोंड हाडाच्या बाजूने व्यवहारतः बंद. १९८३ साली चाऊ यांनी दाखवले की सिरिंजने सोडलेला द्रव सुईच्या टोकाच्या फार पुढे जातच नाही. सुई वरच थांबली तर खालचा भाग न धुता राहतो. पूर्वीच्या जाड सुयांऐवजी ०.३ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या बारीक सुया आल्या त्या यामुळेच. त्यांचे टोक बंद आणि भोक बाजूला असते. सरळ भोकाची सुई नळीत अडकवून जोराने दाबली तर हायपोक्लोराइट मुळाबाहेर जाते आणि तीव्र वेदना, सूज येते. हा द्रव तोंडात वापरायचा तो दंतवैद्यानेच. घरच्या ब्लीचने गुळण्या करण्याचा विचारही कोणी करू नये.

दुसरा अडथळा हवेचा. तो वर्गात पाहता येतो.

सलाईनची नवी नळी औषधाच्या दुकानातून आणा. दवाखान्यात वापरलेली घेऊ नका. तिचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा, एक टोक मेणबत्तीवर मऊ करून पकडीने दाबून बंद करा. तुकडा उभा धरा आणि ड्रॉपरने वरून रंगीत पाणी सोडा. पाणी तोंडाशीच अडकते, खाली हवेचा स्तंभ तसाच राहतो. पृष्ठताणामुळे बारीक नळीत हवेला पाण्याशेजारून वर यायला वाट मिळत नाही. आता बारीक तार आत घालून वर-खाली हलवा. हवा फुटून वर येऊ लागते, पाणी खाली उतरते. मुलांना विचारा : दाताची नळी याहून दहापट बारीक असेल तर काय होईल?

हलवणे, कंपवणे, ओढणे

या प्रयोगातली तार म्हणजेच सर्वांत साधी सुधारणा. नळीच्या मापाचा गटापर्चाचा शंकू द्रवात वर-खाली करायचा. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी पद्धत श्राव्यातीत ध्वनीची. १९५७ साली रिचमन यांनी ती दाताच्या नळीसाठी सुचवली आणि १९८०च्या सुमारास तिला जोर आला. धातूची बारीक तार द्रवात सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा कंपते. सुरुवातीला वाटले की त्यातून बुडबुडे फुटतात आणि त्यांच्या धक्क्याने सफाई होते. पण १९८७ साली अहमद, पिट फोर्ड आणि क्रम यांनी दाखवले की मुख्य काम तारेभोवती उठणारे द्रवाचे भोवरे करतात. तार भिंतीला घासली तर भोवरे मंदावतात, म्हणून ती मोकळी हलली पाहिजे.

तिसरी पद्धत उलट दिशेची. द्रव वरच्या पोकळीत सोडायचा आणि टोकाशी ठेवलेल्या अतिबारीक नळीने ओढून घ्यायचा. दाब बाहेर ढकलणारा नसल्याने द्रव मुळाबाहेर जाण्याचा धोका कमी होतो. २००७ साली नील्सन आणि बाउमगार्टनर यांनी या पद्धतीची सुईशी तुलना केली. टोकापासून १ मिलिमीटरवर ओढण्याची पद्धत सरस ठरली. ३ मिलिमीटरवर मात्र फरक दिसला नाही. फरक होता तो टेलला.

तुलना कशाची?

मग सर्वांत चांगली पद्धत कोणती? उत्तर आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. काढलेल्या दाताचा छेद घेऊन भिंतीवरचा कचरा मोजला तर कंपन आणि ओढणे या पद्धती बहुधा साध्या सुईला मागे टाकतात. पण रुग्णाला भिंतीवरच्या कचऱ्याशी कर्तव्य नसते. त्याचा दात टिकला का आणि मुळाशी झिजलेले हाड भरून आले का, हे खरे प्रश्न. २०१३ साली बीजिंगच्या संशोधकांनी एका मुळाचे दात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत वाटले. एका गटात कंपन, दुसऱ्यात फक्त सुई. वर्षभराच्या आसपास त्रिमितीय क्ष-किरण चित्रात सुधारणा दिसली ती अनुक्रमे ९५.१ आणि ८८.४ टक्के दातांत. आकडा कंपनाच्या बाजूचा आहे. पण प्रत्येक गटात चाळीसच्या आसपास दात. तेव्हा एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. २०१९ साली हरियाणातील रोहतकच्या शासकीय दंत संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या, १०० रुग्णांवरच्या चाचणीत १ टक्का आणि ५ टक्के हायपोक्लोराइट यांच्या यशातही सिद्ध होईल असा फरक आढळला नाही. वेगवेगळ्या धुण्याच्या द्रवांवरच्या ११ चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०१२ सालीच म्हटले होते की, कोणता एक द्रव श्रेष्ठ हे सांगण्याइतका पुरावा नाही.

याचा अर्थ सगळ्या पद्धती सारख्या असा नव्हे. फरक सिद्ध न होणे आणि फरक नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लहान चाचणी म्हणजे विरळ जाळे. छोटा मासा त्यातून निसटतो. पण एवढे नक्की म्हणता येते की जंतू हटवणे, बारीक सुई टोकाजवळ नेणे, ताजा द्रव पुरेसा वेळ आणि पुन्हा पुन्हा देणे आणि तो हलवणे या गोष्टींना आधार भक्कम आहे. त्यांपैकी कशालाच महागडे यंत्र अनिवार्य नाही. हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेने निकामी होते; चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटली सावलीत आणि थंड जागी ठेवणे हीसुद्धा चांगली धुलाईच.

हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण तालुक्याच्या गावात दाढ ठणकू लागली की निर्णय बहुधा दोनच पर्यायांत होतो. रूट कॅनालला खर्च आणि फेऱ्या फार, म्हणून काढून टाका. किंवा मोठ्या शहरात यंत्र आहे, तिकडेच जा. यांच्या मधला, साध्या साधनांनी आणि काळजीपूर्वक केलेला उपचार अनेकांना माहीत नसतो. पंधरा वर्षांच्या मुलीची पहिली मोठी दाढ काढली तर पुढची पन्नास वर्षे ती जागा रिकामी राहते, शेजारचे दात कलतात आणि चावण्याची बाजू बदलते. शाळेत दात तपासणी होते तेव्हा किडलेली दाढ लवकर दाखवा, हे सांगणारा पहिला माणूस शिक्षकच असतो. मज्जेपर्यंत कीड जाण्याआधी दाखवले तर यातले काहीच लागत नाही, साधे सिमेंट भरून भागते.

आठवी-नववीच्या वर्गात विरंजक चूर्ण शिकवताना फळ्यावर सूत्र लिहून झाले की फ्लेमिंगची काटेरी नळी काढून दाखवावी आणि सलाईनच्या नळीचा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. मग त्यांना एक काम द्यावे : गावातल्या पाण्याची ओटी चाचणी कुठल्या नळाला होते, ते विचारून या.